झाकणावरची नावं

दि. ७ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार, आणि वहिनीलाही. तू बरा असशील. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, चष्म्याचा नंबर वाढला, बाकी ठीक. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस कपाटावर ठेवशील हे गृहीत धरूनच लिहिते आहे, त्यामुळे शिळी होईल अशी बातमी यात एकही नाही.

चार वर्षं झाली, फोन वहिनीच उचलते. मागून तुझ्या खोकण्याचा आवाज येतो, तेवढ्यावरून मी अंदाज बांधते की तू घरात आहेस आणि मला बोलायचं नाही म्हणून खोकतो आहेस. पत्राचं बरं असतं. तू जाहिरातीसुद्धा शेवटपर्यंत वाचणारा माणूस. एकदा पाकीट फोडलंस की अर्ध्यावर सोडणार नाहीस.

वहिनीने सांगितलं, तुमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टरनी तुला दुसऱ्यांदा विचारलं, नव्या तुकडीला ड्रेसिंग शिकवशील का म्हणून. आणि तू दुसऱ्यांदा नाही म्हणालास. हेही सांगितलं की मागच्या महिन्यात तिचं बोट भाजलं तेव्हा तू स्वतः पट्टी न बांधता तिला शेजारच्या कंपाउंडरकडे पाठवलंस. दादा, सव्वीस वर्षं तू जखमा धुतल्यास. पेशंट नाव घेऊन विचारायचे, आज ड्रेसरदादा आहेत ना, नाहीतर मी उद्या येतो. आणि आता तू स्टोअरमध्ये बसून कापसाची खोकी रचतोस.

हे माझ्या बोलण्यामुळे झालं, ते मला ठाऊक आहे. बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुझ्या हातांनी गेले बाबा. माझ्याकडे पुरावा आहे." पुरावा होताच, त्यावरून मी मागे हटत नाही. त्या गुरुवारी बाबांच्या पायाची जखम अचानक चिघळली तेव्हा मी जखमेचा एक नमुना घेतला आणि दोन हातांचे घेतले, तुझ्या आणि माझ्या. वहिनी तेव्हा माहेरी होती, बाबांजवळ आपण दोघंच वावरत होतो. त्यातही मी काय, फक्त रविवारची पाहुणी. सर्दीने बेजार, खुर्चीत बसून गप्पा मारल्या आणि गेले. जखमेतला जंतू आणि तुझ्या हातावरचा जंतू एकच निघाला. माझ्या हातावरचा त्याचाच भाऊबंद, पण निरुपद्रवी.

पण आज पत्र लिहायला बसले ते हे उगाळायला नाही. मला तुला एक गंमत सांगायची आहे, आणि ती तुझ्या कामाची आहे.

सहा महिन्यांपासून आमच्या लॅबच्या मॅडमनी मला एका प्रश्नाला जुंपलं आहे. माणसाच्या अंगावर राहणाऱ्या जंतूंचं एक मोठं घराणं आहे. त्यातले काही नाकात, कातडीवर जन्मभर गुण्यागोविंदाने राहतात आणि कोणाचं काही बिघडवत नाहीत. त्यांचाच एक चुलत भाऊ संधी मिळाली की जखमेत शिरतो आणि मांस कुजवतो. दोघंही आपल्या अंगातून बाहेर एन्झाइम सोडतात, प्रथिनं कापणारे. प्रथिन म्हणजे तुझं माझं मांस, कातडी, रक्तातलं अर्धं सामान. तर प्रश्न असा की वाईट भावाचे एन्झाइम आणि चांगल्या भावाचे एन्झाइम यात फरक काय?

मला वाटलं होतं, सोपं आहे. वाइटाच्या हातात सुरी असणार, चांगल्याचे हात रिकामे असणार. म्हणून दोघांना दुधाच्या प्लेटवर वाढवलं. ही प्लेट म्हणजे काचेच्या बशीत दूध घालून गोठवलेली जेली, पांढरीफेक दिसते. जंतू दुधातलं प्रथिन कापायला लागला की त्याच्याभोवती पांढरेपणा जाऊन स्वच्छ गोल कडं पडतं. सकाळी मी प्लेट उजेडात धरली आणि बघतच राहिले. कडं दोघांभोवतीही पडलेलं! चांगल्याभोवती थोडं लहान, पण पडलेलं. म्हणजे सुरी दोघांच्या खिशात आहे. तू म्हणशील, त्यात काय, माझ्याही खिशात कात्री असायचीच. बरोबर आहे. मला कळायला सहा महिने लागले.

मग पुढची पायरी. दुधाच्याच प्रथिनाची पातळ जेली दोन काचांमध्ये बसवायची, वरच्या टोकाला जंतूंचा रस घालायचा आणि वीज सोडायची. एन्झाइम खाली धावतात, जड ते मागे, हलके ते पुढे. शेवटी सगळं निळ्या रंगात बुडवायचं. ज्या जागी एन्झाइमने प्रथिन खाल्लं तिथे रंग चढत नाही, निळ्यावर पांढरी रेघ उमटते. वाईट भावाच्या तीन रेघा. चांगल्याच्याही तीन! जवळजवळ समोरासमोर. एन्झाइमची घडण तपासली तर तीही एकाच आजोबांकडून आलेली. फरक आहे तो कधी सोडायचं, किती सोडायचं आणि सोबत आणखी कोणती हत्यारं बाळगायची यात. आणि ऐक, गंमत इथेच आहे. वाईट भाऊ जखमेत एकटा राहत नाही, तो बुळबुळीत थर बांधून त्यात वस्ती करतो. तो थर तुला चांगला माहीत आहे, पाण्याने जात नाही, खरवडावा लागतो. मी चांगल्या भावाचा रस त्या थरावर ओतला. दुसऱ्या दिवशी थर सैल होऊन तरंगत होता.

मी प्रयोगशाळेत नाचायचीच बाकी राहिले होते. कारण हा चांगला भाऊ कुठला, माहीत आहे? माझ्या हातावरचा! चार वर्षांपूर्वीच्या त्याच नमुन्यातला, फ्रीजरमध्ये नळीत ठेवलेला. नळीवर नाव "मी". सगळ्या लॅबमध्ये निरुपद्रवी म्हणून आता तोच वापरतात आणि मी शेखी मिरवत फिरते.

आता तुझ्या कामाचं. तुलनेला निरोगी माणसांच्या नाकातले जंतू हवे होते, म्हणून आम्हा आठही जणांच्या नाकात कापसाची काडी फिरवली. कोणाला वाईट वाटू नये म्हणून नावांऐवजी आकडे दिले, यादी मॅडमच्या खणात. आठांपैकी दोघांच्या नाकात वाईट भाऊ निघाला. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, बऱ्याच लोकांच्या नाकात तो गुपचूप असतो. पण सहा नंबरच्या रेघा पाहिल्या आणि मी हातातलं खाली ठेवलं. तीन रेघा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे एक केसासारखी बारीक चौथी. ती चौथी रेघ मी आजवर एकाच जंतूत पाहिली होती. बाबांच्या जखमेतल्या, त्याच फ्रीजरमध्ये जपून ठेवलेल्या.

म्हणजे बघ दादा, तोच जंतू आमच्या लॅबमधल्या कोणाच्या तरी नाकात बसून मजेत हिंडतो आहे! तो गावभर फिरत असला पाहिजे. तुझ्या हाताला तो कुठूनही चिकटला असेल, दाराच्या कडीवरून, पेशंटच्या चादरीवरून. तू निष्काळजी होतास असं त्यावरून ठरत नाही. हे मला तुला सांगायचं होतं. म्हणून शिकवायला जा. हवं तर माझं नाव घेऊन शिव्या घाल, पण जा.

रेघांवर भागणार नाही म्हणून मॅडमनी दोन्ही जंतूंची जनुकं तपासायला पाठवली आहेत. निकाल आला की खण उघडू आणि सहावा कोण ते कळेल. मला धीर धरवत नाही. माझा अंदाज आमच्या हिशेबनीसांवर आहे, ते सारखे शिंकतात.

वहिनीच्या बोटाला जप.

तुझी बहीण
(पूर्वी जिला तू चोंबडी म्हणायचास)


दि. २९ सप्टेंबर

प्रिय दादा,

सहावी मी आहे.

नमस्कार वगैरे राहिलं. मागाहून वरती लिहीन म्हटलं, पण ते खोटं दिसेल. जनुकांचा निकाल आला, बाबांच्या जखमेतला आणि सहा नंबरचा एकाच वंशातले, शंकेला जागा नाही. मॅडमनी खण उघडला, यादी बघितली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, ह्या तुम्हीच की." सगळे हसले. मीही हसले. हिशेबनीस सगळ्यात मोठ्याने हसले, त्यांचं बरोबरच होतं.

दोन दिवस मी एका आडोशाला बसले. आडोसा असा: चार वर्षांपूर्वी माझ्या हातावर निरुपद्रवीच होता, कागदावर तसंच आहे, हा वाईट नंतर कधीतरी माझ्या नाकात आला असेल, बहुधा लॅबमधूनच. पटण्यासारखं होतं. पण तू मला ओळखतोस. मला उघडं दार दिसलं की आत डोकावल्याशिवाय राहवत नाही, मग ते माझ्याच विरुद्ध उघडत असलं तरी. मी कपाटातून जुनी वही काढली.

त्या पानावर तीन प्लेटांचा फोटो चिकटवला आहे. पहिल्या प्लेटमध्ये पिवळसर सोनेरी ठिपके, दुसऱ्यात सोनेरी, तिसऱ्यात पांढरे. खाली माझ्या अक्षरात: बाबा, दादा, मी. हाच माझा पुरावा.

मी तो फोटो बघत असताना आमचे मामा दूध घातलेल्या नव्या प्लेटांची चळत घेऊन आले. सगळे त्यांना मामा म्हणतात, प्लेटा ओतायचं काम त्यांचं, उभा जन्म तेच करत आहेत. माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, "बाई, क्रम चुकला की तुमचा."

"कसला क्रम?"

"हे बघा ना. एक्केचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस."

दादा, मामांना एक खोड आहे. ओतलेल्या प्रत्येक प्लेटच्या बुडाला ते कोपऱ्यात बारीक आकडा घालतात. कोणी सांगितलेलं नाही. आम्ही त्यावरून त्यांची टिंगल करतो, मामा, रेशनकार्ड पण काढा प्लेटचं. मी भिंग घेतलं. फोटो बुडाकडून काढलेला होता आणि आकडे स्वच्छ दिसत होते. चार वर्षं दिसत होते.

"पण मामा, तुम्ही हे आकडे घालता कशाला?"

"तुम्ही शिकलेली माणसं झाकणावर नावं लिहिता म्हणून," मामा म्हणाले. "झाकण काय, कुठल्याही बशीवर बसतं."

मामा चळत ठेवून गेले. मी मागचं पान उलटलं. नमुने घेतले त्या दिवशी, प्लेटवर दिसेल ते उतरवायच्या सवयीने, माझ्याच हाताने लिहिलेलं आहे: ४१ बाबा, ४२ दादा, ४३ मी.

नाव बुडावर लिहायचं, झाकणावर नाही, हे आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. मी स्वतः ओरडून शिकवते. त्या गुरुवारी मी झाकणांवर लिहिलं, कारण मला घाई होती आणि झाकण मोठं असतं. निकालाच्या दिवशी तिन्ही झाकणं एकदम काढून बाजूला ठेवली, बघितलं, परत लावताना तुझ्या-माझ्या झाकणांची अदलाबदल केली. फोटोसाठी प्लेटा झाकणांवरच्या नावांच्या क्रमाने मांडल्या. नळ्या झाकणांवरच्या नावांनी भरल्या. सोनेरी ठिपके ४१ आणि ४३ मध्ये आहेत. बाबांच्या आणि माझ्या. तुझ्या हातावर ४२ होता. पांढरा, निरुपद्रवी.

आता ते लिहिते जे पहिल्या पत्रात नव्हतं, आणि चार वर्षांत कोणालाच सांगितलं नाही.

त्या रविवारी मी नुसती खुर्चीत बसले नव्हते. तू रात्रपाळी करून आला होतास, मला म्हणालास, "तासभर पडतो, पट्टीला हात लावू नकोस, संध्याकाळी मीच बदलेन," आणि आत जाऊन झोपलास. बाबा जागे होते. मला फक्त बघायचं होतं. तू सांगायचास की जखम आता कडेने भरत येते आहे, आणि मी आयुष्यभर जंतू प्लेटवर पाहिले, भरत येणारी जखम कधी पाहिली नव्हती. बाबांना माझी नजर कळली. म्हणाले, "बघ, चोंबडे, बघून घे. पण त्याला सांगू नकोस, तो आपल्या दोघांना ओरडेल." आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो. मी पट्टी सोडली. जखम गुलाबी होती, कडेला नवी कातडी चकाकत होती, फार सुंदर काम होतं तुझं. मी वाकून बघितलं. एका जागी बोट लावून पाहिलं. मग तुला कळू नये म्हणून पट्टी होती तश्शीच गुंडाळून ठेवली.

नाक गळत होतं, रुमाल हातात होता. हात धुतले होते की नाही ते आठवत नाही, असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आले. आठवतं. नव्हते धुतले. नळ तुझ्या खोलीशेजारी होता आणि तू जागा झाला असतास.

कोणाकडून कोणाकडे गेला ते कोर्टात सिद्ध करता येणार नाही. पण रविवारी जखम स्वच्छ होती, मी डोळ्यांनी पाहिली. मला सर्दी त्याआधी आठवडाभर होती. गुरुवारी जखम चिघळली. माझ्या नाकात तो आजही आहे. दुसऱ्या कोणाचं प्रकरण असतं तर मी एका मिनिटात निकाल दिला असता. तुझ्या वेळी दिलाच होता.

आणि मी तेव्हा इतक्या जोरात का ओरडले, तेही आता मला समजतं. निकाल तुझ्या नावाने आला तेव्हा दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. एक क्षण, पण वाटलं होतं. म्हणूनच मी दुसऱ्यांदा तपासणी केली नाही. जी बाई एक रेघ चुकली तर आठवड्याचं काम फेकून देते, तिने ती एकच तपासणी पुन्हा करून पाहिली नाही. दादा, मला तुझी माफी मागायची लाज वाटते, इतकी ती लहान पडते. तरी मागते.

राहिल्या त्या दोन गोष्टी. पहिली: सोबत एक बंद पाकीट आहे, मोठ्या सिस्टरच्या नावाने. त्यात सगळं आहे, फोटोची प्रत, प्लेटांचे आकडे, जनुकांचा निकाल आणि माझी सही. वेगळ्या कागदावर रविवारच्या पट्टीची हकिकतसुद्धा. द्यायचं की फाडायचं ते तू ठरव. नातेवाइकांना मी स्वतः एकेकाला फोन करून सांगते आहे, तिघांना झाला. धाकटी आत्या रडली आणि मग तिने फोन ठेवला.

दुसरी: आमच्या लॅबमधला तो चांगला भाऊ, ज्याचा रस ओतला की बुळबुळीत थर सैल होतो, ज्याच्यावरून मी सहा महिने मिरवते आहे, तो तुझा आहे. तुझ्या उजव्या हाताच्या तळव्यावरचा. ह्यामुळे बाबा वाचले असते असं मी म्हणणार नाही, काचेच्या बशीतलं पायावर घडेलच असं नाही आणि तुला मी आता एकही अर्धवट निकाल देणार नाही. पण सव्वीस वर्षं तू ज्या हाताने जखमा धुतल्यास त्या हातावर काय राहत होतं, ते आज मला माहीत आहे आणि तुला माहीत असायला हवं. नळीवरचं नाव मी काल बदललं. झाकणावर नाही, नळीच्या अंगावर, न पुसणाऱ्या शाईने: "दादा".

सही कोणत्या नावाने करावी कळत नाही. जागा मोकळी सोडते.




दि. १४ ऑक्टोबर

चोंबडे,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं कपाटावर दोन नाही, नऊ दिवस होतं. दुसरं तुझ्या वहिनीने फोडून माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि समोर बसली, वाचल्याशिवाय उठू देईना.

मला लिहायची सवय नाही, स्टोअरच्या चिठ्ठ्या लिहितो तेवढंच. थोडक्यात लिहितो.

राग आहे. चार वर्षांचा आहे, दोन पत्रांत जायचा नाही. तू समोर आलीस की बोलेन, तेव्हा ऐकून घ्यायचं, मधे शास्त्र काढायचं नाही.

पण एक गोष्ट तुला सांगायला हवी. त्या रविवारी संध्याकाळी मी बाबांची पट्टी बदलायला बसलो तेव्हाच मला कळलं होतं. पट्टी उलट्या दिशेने गुंडाळलेली होती. तू डावखुरी आहेस. होती तशीच गुंडाळली असं तुला वाटलं असेल, पण माझी पट्टी मी ओळखतो. बाबांकडे बघितलं तर ते छताकडे बघत होते. त्यांचे ओठ हसू दाबत होते. मी जखम धुऊन नवी बांधली.

तू विचारशील, मग सगळ्यांसमोर का नाही सांगितलंस. सांगणार होतो. पण तू म्हणालीस, तपासणी केली आहे, हात माझे निघाले. तू एवढीशी होतीस तेव्हापासून बघतो आहे, मुंगी कुठे जाते ते बघायला उन्हात दोन तास बसायचीस. ही चुकणार नाही असं मी धरून चाललो. तू सांगितलंस म्हणून मानलं. मग पट्टी कोणी सोडली ह्याला काय अर्थ होता, लोक म्हणाले असते स्वतःचा दोष बहिणीच्या गळ्यात घालतो आहे. आणि समजा माझं खरं मानलं असतं, तर तुझं काय झालं असतं? बाबांच्या मागे एकाने उद्ध्वस्त व्हायचं तेवढं पुरे होतं.

त्या दिवसापासून माझ्या हातांकडे मला बघवत नव्हतं. वहिनीचं बोट भाजलं तेव्हा तिने हात पुढे केला आणि मी मागे सरलो. ती रात्री रडली. ते सगळ्यात वाईट होतं.

मोठ्या सिस्टरचं पाकीट मी दिलं. आधी उघडलं, रविवारच्या पट्टीचा कागद काढून घेतला आणि मग दिलं. तो कागद आपल्या दोघांचा आणि बाबांचा आहे. बाबा सांगू नको म्हणाले होते ना? मग कशाला सांगत सुटलीस? आत्यालाही आता पुन्हा फोन करू नकोस, तिचा रक्तदाब वाढतो.

सोमवारपासून वर्ग घेतो आहे. अकरा जण आहेत, दोन डावखुरे. त्या दोघांना काय सांगायचं ते माझं ठरलेलं आहे. काल वहिनीच्या बोटाला तेल लावून दिलं. जखम कधीच भरली आहे, तरी तिने पट्टी बांधून मागितली. बांधली.

तुझी ती निळी जेली आणि तिच्यावरच्या रेघा मला बघायच्या आहेत. आणि माझा तो नळीतला. इतकी वर्षं हातावर घेऊन फिरलो, बघितला नाही कधी. मामांनाही भेटायचं आहे, तुमच्याकडे काम समजणारा तो एकच माणूस दिसतो.

पण आधी तू ये. येत्या रविवारी ये, जेवायलाच ये. बाबांची खुर्ची खिडकीशी तशीच आहे, तिच्यात बस.

हात धुऊन ये.

दादा